माय पेन राय

परवा दुकानात एक नवरा-बायको आले होते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस थायलंडला करायचा बेत होता. उलटीच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, डासांचं मलम असं सगळं बांधून घेतल्यावर नवरा म्हणाला, "वहिनी, तुमच्या वरच्या मजल्यावर ते थायलंडवाले म्हात्रे राहायचे ना? त्यांचा नंबर असेल का? जरा माहिती विचारली असती." मी नाही म्हणून सांगितलं. नंबर होता, अजूनही आहे. पण त्या माणसाचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं, आणि त्यावर माझ्या मेडिकलमध्ये गोळी नाही.

जनार्दन म्हात्रे. आमच्या पेणच्या दुकानावरच त्यांचा फ्लॅट, आणि मूळ गाव कासूच्या पुढे खाडीकडे. माझ्या सासऱ्यांचं गावही तेच, तिथं आमचीही थोडी खारजमीन आहे. म्हणजे शेजारीही तेच आणि गाववालेही तेच, सुटका कुठूनच नाही. मी माहेरची रोह्याची. रोहेकरणीला पेणच्या माणसाबद्दल चांगलं बोलवत नाही, असं माझे मिस्टर म्हणतात. म्हणोत बापडे. मी जे सांगते आहे त्यात रोह्याचा काही संबंध नाही.

तरुणपणी जनार्दनभाऊ नागोठण्याकडे कंपनीत फिटर होते. हात चांगला होता म्हणून कुणीतरी थायलंडला नेलं. बँकॉकच्या पूर्वेला समुद्रकाठी कारखान्यांचं एक मोठं गाव आहे, तिथं पाइप आणि व्हॉल्व्ह तपासायच्या कामावर लागले, पुढं सुपरवायझर झाले. उमेदीची सगळी वर्षं तिकडंच गेली. बायको-मुलगी काही वर्षं बरोबर होत्या, मग मुलगी पुण्याला शिकायला आली आणि बायको तिच्यापाठोपाठ. आई मात्र इथं पेणला, आमच्या डोक्यावर. हिराबाय तिचं नाव. तिच्याकडे नंतर येते.

तिकडे होते तोवर जनार्दनभाऊंना भारतात काय चुकतंय याचीच काळजी. सकाळी दुकानाचं शटर वर करावं तो यांचा व्हॉइस मेसेज हजर. आवाज असा की जणू खुद्द दिल्लीहून बोलताहेत. "तुम्हा लोकांना देशाची फिकीर नाही. साधं मतदानाला जाता येत नाही? आम्ही परदेशात राहून तळमळतो." गावच्या ग्रुपवर, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर, माझ्या एकटीच्या नंबरावर, सगळीकडे तीच तळमळ. कुणाला निवडून आणा, कुणाला पाडा, रस्त्याला खड्डे का पडतात, हमरापूरच्या गणपतीच्या मूर्ती शाडूच्या असाव्यात की नसाव्यात, सगळ्यावर मत. मी एकदा लिहिलं, "भाऊ, मुद्दा पटला, पण तुमच्या आईंची शुगर वाढली आहे, त्यांना भात कमी करायला सांगा." त्यावर अंगठा आला. आणि पाठोपाठ लोकसंख्येवर एक मेसेज.

मग नोकरी संपली आणि ते कायमचे परत आले. मला वाटलं, आता तळमळ शांत होईल. कसची होतेय! तळमळीनं फक्त तोंड फिरवलं. आता दुकानासमोर स्टूल टाकून संध्याकाळभर "आमच्या थायलंडला" सुरू झालं. आमच्या थायलंडला हॉर्न वाजवत नाहीत. आमच्या थायलंडला रांग मोडत नाहीत. आमच्या थायलंडला औषधाच्या दुकानातली बाई आधी हात जोडते, मग बोलते. हे माझ्याकडे बघून. मी म्हटलं, "भाऊ, तिथलं गिऱ्हाईक अर्धी स्ट्रिप परत आणून 'बरं वाटलं, पैसे द्या' म्हणत नसेल. म्हणत असतं तर तिनंही हात सोडले असते."

दुकानात शिरताना ते चपला बाहेर काढत. तिकडची सवय. त्यांचं बघून दोन-चार म्हाताऱ्यांनीही काढायला सुरुवात केली. दुकानात देव बसवलाय की काय, असं त्यांना वाटलं असावं. एका संध्याकाळी कुत्र्यानं भाऊंची एक चप्पल नेली. मग भाऊंनी पेणच्या नगरपालिकेवर, कुत्र्यांवर आणि एकूणच भारतीय मनोवृत्तीवर असं काही सुनावलं, की कुत्रा त्या मनोवृत्तीचा अधिकृत प्रतिनिधी असावा. दुसऱ्या दिवशीपासून चपला घालूनच आत येऊ लागले. सुधारणा तेवढ्यावर संपली.

त्यांच्या गोष्टींत एक गोष्ट मला खरोखर आवडायची. तिकडे त्यांच्या वसाहतीजवळ म्हणे एक बार होता. परदेशातून येऊन तिथं राहिलेले गोरे म्हातारे दुपारपासून बिअर घेऊन बसायचे आणि थायलंडचं राजकारण सोडवायचे. लष्कर का आलं, कधी जाईल, निवडणूक कोण जिंकणार, थाई माणूस खरं का बोलत नाही. "आणि वहिनी, त्यातल्या एकालाही थाई वाचता येत नव्हतं. बायको थाई होती, तीच बिल वाचून दाखवायची." त्याच बारच्या दुसऱ्या कोपऱ्यात आपली मंडळी. गोरखपूरचा एक कापडवाला, एक तमिळ इंजिनिअर आणि आपले भाऊ. हे गोऱ्यांना हसायचे आणि मग स्वतः भारताचं राजकारण सोडवायचे. भाऊ हे अगदी रंगवून सांगायचे, पोट धरून हसायचे. हसता हसता आपण स्वतः कुठल्या कोपऱ्यात बसलो होतो हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

सत्यावर तर त्यांचा फार जीव. "तिथं राजाबद्दल वाकडं बोललं की तुरुंग. म्हणून लोक बोलत नाहीत, पण खरं काय ते सगळ्यांना माहीत असतं. इथं कुणीही काहीही बोलू शकतं, म्हणून खरं कुणालाच माहीत नाही." हे वाक्य त्यांनी माझ्या दुकानात इतक्या वेळा टाकलं, की माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीला पाठ झालं. ऐकायला बरं वाटतं. मीही पहिल्यांदा मान डोलावली होती. मग निवडणुकीच्या दिवशी हेच गृहस्थ दिवसभर स्टुलावर. बोटाला शाई नाही. मी विचारलं, "भाऊ, रांगेत जाऊन आलात?" तर म्हणाले, "छे, सगळे सारखेच. ऊन केवढं आहे!" परदेशात राहून तळमळलेला हाच तो माणूस. मी त्यांच्या हातात इलेक्ट्रॉलची पुडी दिली, म्हटलं उन्हाचा त्रास नको व्हायला.

आता हिराबाय. मी त्यांना मावशी म्हणायचे. ऐंशीला टेकलेली बाई, नऊवारी, दात चार, पण आवाज खणखणीत. फ्लॅटमध्ये तिचा जीव रमत नसे. गावची शेती दुसऱ्याला अर्ध्यानं दिलेली, तरी आठवड्यातून एकदा एस.टी.नं गावी जाऊन भाताकडे बघून यायची. भात हिच्याकडे बघायचं की ही भाताकडे, कोण जाणे.

भाऊ तिकडे होते तेव्हा रविवारी आईला फोन करायचे. बोलता बोलता तिकडे कुणी त्यांना काही म्हणालं की भाऊ फोन न ठेवता त्या माणसाला थाईत उत्तर द्यायचे. आणि त्यात एक बोल हमखास यायचा: "माई पेन राय, माई पेन राय." आमच्या खाडीकडच्या बोलीत ण चा न होतो. पेणला पेनच म्हणतात. आणि राय म्हणजे राहते. हिराबायच्या कानाला ते सरळ मराठी लागलं: माय पेन राय. आई पेणला राहते.

पहिल्यांदा तिनं मला सांगितलं तेव्हा तोंडभर हसत होती. "आयकलास गो? माजा पोऱ्या तितल्या सायबांना सांगतंय, माय पेनला ऱ्हाय. दर टायमाला सांगतंय. इसरत नाय." पुढच्या गणपतीला भाऊ आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते खो खो हसले. म्हणाले, "अहो, त्याचा अर्थ 'काही नाही, असू दे, चालायचंच.' तिकडचा माणूस दिवसातून शंभरदा म्हणतो. कुणाचा पाय पडला, माई पेन राय. बस चुकली, माई पेन राय. पण आईला नका सांगू हं वहिनी. मी मुद्दामच सांगितलं नाही. सत्य सगळ्यांनाच सांगायचं नसतं."

त्या दिवशी मला तो माणूस आवडला. अगदी मनापासून आवडला, हे कबूल करायला हवं. आईला सुख देणारं खोटं सांभाळणारा मुलगा मला सत्यावर भाषण देणाऱ्यापेक्षा केव्हाही जवळचा.

मग ते खोटं आमच्या आळीनं वाटून घेतलं. हिराबाय मासळीवालीला सांगायची, कंडक्टरला सांगायची. एकदा आम्ही दोघी हमरापूरला घरचा गणपती ठरवायला गेलो, तर मूर्ती रंगवणाऱ्या बाईला सांगू लागली, की थायलंडातले लोक पण म्हनतान, माय पेन राय. त्या बाईनं ब्रश तसाच धरून विचारलं, "खरं सांगतेस? चांगले लोक हायत गो. दुसऱ्याच्या आयशीची चवकशी करतान." हिराबाय तिथून निघाली ती नव्या नवरीच्या तोऱ्यात. भाजी आणायला गेली असेल आणि कुणी विचारलं की मावशी कुठायत, तर आमच्याकडची मुलगी सांगायची, "माय पेन राय." सगळे हसायचे. हिराबाय जास्त हसायची.

आणि भाऊ कायमचे परत आले, अशातच खाडीच्या तोंडाशी एक रसायनाची कंपनी यायची बातमी आली. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. कारखाना आमच्या गावाच्या हद्दीबाहेर, पण त्याच्या पाण्याचा पाइप आमच्या बांधाला लागून खाडीत सोडणार. खारजमिनीत समुद्राला अडवून भात घ्यायचं, त्या बांधाच्या एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला खाडी. पाइप फुटला किंवा पाणी नासलं तर दोन्हीकडचं गेलं, शेतीही आणि निवट्या-कोळंबीसारखी मासळीही. गावात दुसरं आहेच काय?

आमच्या गावच्या बांधाची देखरेख पांडूतात्या गावंड करतात. साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. ते एका दुपारी दुकानात आले. लाइट गेली होती, भाऊ स्टुलावर घाम पुसत बसले होते. तात्या त्यांना म्हणाले, "जनू, तू असल्या कंपनीत पाइप तपासलेस. आमाला खरा काय ता सांग. पाइपाचा पानी सोडतान तवा काय व्हतंय?"

मला वाटलं, आता "आमच्या थायलंडला" सुरू होणार. पण भाऊंनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग अगदी खालच्या आवाजात बोलू लागले. असा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. म्हणाले, "तिथं कारखान्याच्या शेजारी शाळा होती. वारा फिरला की पोरं ओकायची. बाई खिडक्या लावून शिकवायच्या. मग एक दिवस शाळाच उचलून लांब नेली. वाऱ्याला कोण उचलणार? खाडीसारखंच पाणी होतं जवळ. आधी शिंपले गेले, मग मासे. पाइप कुठं गळतोय ते मला माहीत होतं तात्या, माझंच काम होतं ते. मी लिहून द्यायचो, वरचे सही करायचे, पुढं काही नाही. बोलणार कसा? मी परका माणूस. दर तीन महिन्यांनी त्यांच्या सरकारी ऑफिसात जाऊन 'मी अजून इथंच राहतो' असं सांगायला लागायचं. एक शिक्का मारला नाही की चालता हो."

तात्यांनी विचारलं, "मंग हितं बोलशील? कंपनीची सरकारी सुनावनी हाय, गावाचा आयकून घेतान."

"इथं कोण मला चालता हो म्हणणार?" भाऊ म्हणाले. "हे माझं गाव. बोलीन. सगळं बोलीन."

तात्या गेले ते जवळजवळ धावतच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, जनू बोलणार. आमच्या गावात शिकलेले पुष्कळ आहेत, पण असल्या कारखान्याच्या आत उभं राहून पाइपाला हात लावलेला तेवढा एकच. कंपनीचे लोक चकचकीत चित्रं दाखवणार, त्यांना "मी पाहिलंय, असं होतं" असं सांगणारा दुसरा कुणी नव्हता. हिराबाय तर मला रोज विचारायची, "सुनावनी कवा हाय गो? मना फुडं बसवशील ना?"

सुनावणीच्या आधी कंपनीची माणसं भाऊंकडे येऊन गेली. गाडी आमच्या दुकानासमोरच लागली, म्हणून मला कळलं. पुष्पगुच्छ घेऊन आली होती. काय बोलली ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ खाली आले ते नवा शर्ट घालून. म्हणाले, "वहिनी, नुसता विरोध करून काही होत नाही. व्यासपीठावर बसायला बोलावलंय. तांत्रिक सल्लागार म्हणून. आत बसून बोललं तर ते लोक ऐकतात." मी म्हटलं, "आत बसून काय बोलणार?" ते म्हणाले, "समतोल."

समतोल! माझ्या अंगावर तेव्हाच काटा यायला हवा होता. पैसे खाल्ले असते तर निदान समजलं असतं. पैसा सगळ्यांना लागतो, त्याची लाज वाटून माणूस नजर तरी चोरतो. पण या माणसानं पैसा घेतला नाही हे मला नक्की माहीत आहे. त्यानं खुर्ची घेतली. पांढऱ्या कापडानं मढवलेली, पाठीला सॅटिनचा बो बांधलेली, भाड्यानं आणलेली खुर्ची. जन्मभर दुसऱ्यांच्या कारखान्यात उभं राहिलेल्या माणसाला बसायची एवढी हौस असते, हे मला त्या दिवशी समजलं. आणि ते समजून मला त्याची कीव आली नाही, किळस आली.

सुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात, मांडवात झाली. समोर सतरंजीवर आम्ही बायका. हिराबाय सगळ्यात पुढं, ठेवणीतलं लुगडं नेसून, मी तिच्याशेजारी. साहेब लोक बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रांत खाडीचं पाणी निळं होतं. आमच्या खाडीचं पाणी आजवर कुणी निळं पाहिलेलं नाही. मग जनार्दनभाऊंचं नाव पुकारलं. गळ्यात ओळखपत्र, त्यावर तज्ज्ञ असं छापलेलं.

भाऊ बोलले छान. आवाज तोच, व्हॉइस मेसेजमधला. विकासाचं बोलले, तरुणांच्या रोजगाराचं बोलले. थायलंडमध्ये अशा कंपन्यांच्या कुंपणाला लागून आंब्याच्या बागा आहेत, लोक सुखात आहेत, असं सांगितलं. मी ऐकत होते आणि वाट बघत होते, की आता वळेल, आता समतोलाची दुसरी बाजू येईल. ती आली नाही. भाऊ थांबले आणि पाणी प्यायले.

पांडूतात्या उठले. माइक कुणी दिला नाही, तसेच बोलले. "जनू, त्या शालेचा सांग. शाला उचलून नेली ती."

व्यासपीठावरच्या साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ हसले. तसं हसू मी तारीख उलटलेलं औषध विकणाऱ्या माणसाच्या तोंडावर पाहिलं आहे. म्हणाले, "तात्या, लहानसहान गोष्टी सगळीकडे होतात. पण तिकडचे लोक फार समजूतदार. असं काही झालं तर आपल्यासारखे रस्त्यावर येत नाहीत. ते काय म्हणतात माहितीये? माई पेन राय. याचा अर्थ, काही नाही, असू दे, चालायचंच. एवढे तीन शब्द आपण त्यांच्याकडून शिकलो ना, तर हा तालुका कुठल्या कुठं जाईल."

व्यासपीठावर टाळ्या झाल्या.

हिराबाय माझ्याकडे वळली. कानानं ती अजून चांगली आहे, पण कान आणि मन यांत अंतर पडतं कधी कधी. "काय सांगलान गो? माय पेन राय म्हनजे काय सांगलान?"

मागच्या बाईनं पुढं वाकून सांगितलं, "म्हनजे चालायचाच."

हिराबायनं पदर सारखा केला. मग हळूच विचारलं, "त्याच्यात माय नाय?"

मी म्हटलं, "नाय मावशी."

"पेन पन नाय?"

मी मान हलवली. ती हात टेकून उठली आणि सगळ्या मांडवातून, खुर्च्यांच्या रांगांमधून, एकटी चालत बाहेर गेली. व्यासपीठावरून भाऊंनी तिला जाताना पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही. त्यांच्यासमोर कॅमेरावाला उभा होता.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे, आणि जितका करते तितका माझा संताप वाढतो. एवढ्या मोठ्या भाषणात तो माणूस एकच गोष्ट खरी बोलला, त्या तीन शब्दांचा अर्थ. जे सांगायला हवं होतं ते गिळलं, आणि जे गिळून ठेवलं होतं, इतकी वर्षं जपलं होतं, ते साहेबांना हसवायला थुंकून टाकलं. सत्य सगळ्यांनाच सांगायचं नसतं म्हणे!

हिराबाय त्याच आठवड्यात गावी गेली ती परत फ्लॅटवर आली नाही. गावचं बंद घर उघडून तिथं राहू लागली. तिच्या गोळ्या मी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवायचे. भाऊ मात्र दुकानासमोर येऊन बसतच होते. एक दिवस म्हणाले, "सत्य सापेक्ष असतं वहिनी. तुम्ही भावनेनं बघता." दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर प्रोटीन पावडरचे डबे रचले. ते आले, डब्यांकडे पाहिलं, "स्टॉक आला वाटतं" म्हणाले आणि उभ्याउभ्याच थायलंडमधल्या गोदामांबद्दल बोलू लागले. बेशरमीला उंची असते, खोली असते, हे मला ठाऊक होतं. पण तिला इतका स्टॅमिना असतो हे ठाऊक नव्हतं.

कंपनीची परवानगी अजून प्रक्रियेत आहे म्हणतात. पाइप मात्र आले. रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेत, पोरं त्यात लपाछपी खेळतात. भाऊ आता मुलीकडे पुण्याला असतात आणि पुण्याबद्दल त्यांची मतं मला ग्रुपवर मिळत असतात. पण मी त्यांना डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते गावच्या बांधावर, गेल्या भाद्रपदात.

पुनवेच्या उधाणाला बांध फुटला. बांधाला अशी खांड, म्हणजे भगदाड, पडली की गावात जोळ बसते. जोळ म्हणजे घरटी एक माणूस बांधावर हजर. श्रीमंत असो, गरीब असो, मुंबईला असो, घराचा एक माणूस आलाच पाहिजे. जो येत नाही त्याला गाव काही म्हणत नाही, फक्त पुढं त्याच्या घरच्या लग्ना-मयताला माणसं जपून येतात. आमच्या घरचे मिस्टर आजारी होते, म्हणून मीच गेले. साडी खोचून चिखलात उतरले आणि रांगेत उभी राहिले. ओहोटी लागली होती. समुद्र परत यायच्या आत पेंढा, फांद्या आणि चिखल घालून खांड बुजवायची होती.

पांडूतात्या बांधावर उभे राहून घरांची नावं पुकारत होते आणि प्रत्येकाला जागा दाखवत होते. एवढ्यात जनार्दनभाऊ आले. पेणहून गाडीनं आले असावेत. पायात नवे गमबूट, पँट आत खोचलेली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. म्हटलं, आला, निदान आला. लोकांनीही वळून पाहिलं.

"म्हात्रे, हिराबायचा घर," तात्यांनी पुकारलं.

"आलोय तात्या," भाऊ म्हणाले आणि हात वर केला.

पेंढ्याच्या ढिगाशी बायका भारे बांधत बसल्या होत्या. त्यांच्यातून आवाज आला. हिराबायनं मान वर केली नव्हती, हातातला पेंढा आवळत होती.

"त्याला सोड, तात्या. आमच्या घरचा मानूस मी हाय."

तात्यांनी पुढच्या घराचं नाव पुकारलं. भाऊंचा हात अजून वरच होता. चिखलाची पाटी माझ्याकडे आली, मी ती पुढं दिली.